पूर्वेकडच्या भिंती आधी

रविवारी धुळे.
नजमा पिंजारीने ठरवलं, म्हणजे ठरलं.
विम्याच्या ऑफिसात आमची टेबलं समोरासमोर;
नामंजूर झालेल्या एका अर्जाच्या पाठीवर
ती नकाशा काढते:
पांझरा आडवी, गल्ल्या उभ्या,
गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत,
आपल्या पॉलिसीधारकांसारखे, असं तीच म्हणते
आणि तीच हसते.

अमळनेरहून सहा दहाची बस. अर्धं तिकीट.
इतक्या पहाटे का, तर
पूर्वेकडे तोंड केलेल्या भिंती
नवापर्यंतच बघण्यासारख्या असतात,
मग एप्रिलचं ऊन त्यांच्यावर असं चढतं
की निळ्याचा पांढरा होतो
आणि डोळे चित्र सोडून पाणी धरतात.
पश्चिमेच्या भिंती चारनंतर.
मधले सात तास कुठे काढायचे
ते कुणी सांगत नाही.
नकाशात त्या जागी नजमाने
उसाच्या रसाचा पेला काढलाय,
वर बर्फ, प्रमाणाबाहेर मोठा.

यादी माझ्या अक्षरात.

पाण्याची टाकी. तिच्यावर मोर,
लोखंडी शिडी त्याच्या मानेतून वर जाते.

मुलींच्या शाळेचं कंपाउंड. अंतराळातली बाई,
हेल्मेटच्या काचेत ज्वारीचं शेत.
(हे भाच्याने सांगितलं. तो कधीकधी खोटं बोलतो.
खोटं असलं तरी बघायचंय.)

पुलाचे खांब. महापालिकेने काढून घेतलेली
त्रिकोणी छातीची, काडीच्या पायांची माणसं,
तारप्याभोवती गोल.
इथे कुणाच्या घरी तारपा आहे, मी विचारते.
नजमा म्हणते, पाहुणे आहेत, नाचू दे.

गल्ली नंबर सहा, तोंडाशीच.
सिमेंटच्या जाहिरातीचा हत्ती,
हत्तीवर साबण,
साबणावर हात जोडलेला उमेदवार,
उमेदवारावर आता 'झाडे लावा'.
भाचा सांगतो, भिंत ओली झाली
की हत्ती वर येतो, आधी सोंड, मग एक डोळा.

सासूबाई दारातून:
"भिंती दखाले इतली दूर कसाले?
आपला घरमा भिंती नई शेतस का?"
शेतस, आई. चार.
चारही मीच पुसते.

भाच्याने पाठवलेल्या फोटोत
हत्तीच्या पायाशी, गटाराच्या जरा वर,
पिवळ्या रंगात: सुकलाल पेंटर, फोन,
आणि पुढे आकडे फक्त पाच.
जेवणाच्या सुट्टीत मी लावला.
बाई म्हणाली, कृपया क्रमांक तपासा.
नजमाने आधी दोन जोडून पाहिला.
उचलला.
मागे पट्ट्याचा आवाज, म्हणजे गिरणी.
गिरणीवाला ओरडून बोलतो, आम्हीही ओरडतो,
अख्खं ऑफिस माना वर करून.
सुकलाल? हो, हाच नंबर द्यायचा तो सगळीकडे,
त्याच्याकडे कुठला फोन!
आमच्या शटरवर सूर्य काढलाय त्याने,
अर्धा. उरलेल्या अर्ध्याचे पैसे
वडिलांनी दिले नाहीत.
मग जरा थांबून:
भेटला तर सांगा, मी द्यायला तयार आहे.

शटरचं तोंड कुठे, नजमा विचारते.
शटर दिवसभर वर गुंडाळलेलं, तो म्हणतो,
पण दुपारी एक ते तीन वीज नसते,
तेव्हा खाली ओढतो. या.

नजमा बर्फ खोडते.
सात तासांच्या त्या कोऱ्या जागेत
एक अर्धगोल काढते, किरणं मोजून नऊ,
आणि अर्ज घडी करून पर्समध्ये टाकते,
अर्जदाराचं नाव आतल्या बाजूला.

सामान: टोपी, ओढणी,
भाकरी, मिरच्यांचा ठेचा, मोबाइलची वायर.
पाण्याच्या बाटल्या तीन.
दोन आम्हाला.
एक हत्तीला.